सतरा नंबरच्या पिंपाची भानगड

१

आत्याबाईंनी ग्लास नाकाशी नेला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे काय?" भाचा हसला. "तुझंच की, आत्या. सतरा नंबर."

"हे सतरा नंबर असेल तर मी पंचवीस वर्षांची आहे."

भाच्याचं हसू मावळलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते. चार वाजता पदकाच्या स्पर्धेचे तिघे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर सतरा नंबरची बाटली ठेवायची होती, आणि लेबलावर 'निवड' या शब्दापुढे आत्याबाईंची सही हवी होती. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रत्येक निवडक बाटलीवर ती होती. हा भाचा तेव्हा शाळेत डबा विसरून जायचा आणि आता मालक होऊन त्यांना घड्याळ दाखवत होता.

आत्याबाईंनी पुन्हा ग्लास उचलला. एका पिंपातली बर्बन व्हिस्की म्हणजे एकाच पिंपातली. एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची सोय नाही, पिंपाने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. सतरा नंबर नऊ वर्षं तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली तापत पडलं होतं. लाकडातून थोडं थोडं हवेत उडत होतं, मागे उरलेलं दाट होत होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी त्यातला घोट घेतला होता आणि तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. आधी जळक्या साखरेचा वास, मग वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा, आणि सगळं संपलं असं वाटताना अगदी शेवटी अक्रोडाच्या सालीसारखा एक कडवटपणा. तो कडवटपणा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगून कळणाऱ्यातलं इथे होतं कोण?

आणि आता हे! गोड, सभ्य, आणि शेवटी काहीच नाही. लांबच्या पाहुण्यासारखं, ओळख दाखवली आणि निघून गेलं.

"आत्या, रागावू नकोस," भाचा म्हणाला. "तुला मोठा ताप येऊन गेला. आठ दिवस तुला कॉफीचासुद्धा वास येत नव्हता."

"ते तेव्हा."

"नाक आहे ते. वय झालं की..."

"माझ्या कपाटात सहा महिन्यांपूर्वीच्या नमुन्याची छोटी बाटली आहे. आण ती. दोन्ही शेजारी ठेवू, दूध का दूध होऊन जाईल."

भाचा छताकडे बघू लागला.

"काय रे?"

"सासरेबुवा आले होते मध्ये."

"बरं, मग?"

"त्यांना आवडली."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मनात दहापर्यंत मोजायला घेतलं, पण तिनाच्या पुढे जमेना. "आणि मी अंथरुणात असताना पिंप उपसून बाटल्या भरायची घाई कुणाला झाली होती?"

"तुला त्रास नको म्हणून! हे बघ, चारपर्यंत सही झाली तर ठीक. नाहीतर केमिस्टबाई करतील. तसंही पुढच्या वर्षीपासून..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. पण वाक्याचं उरलेलं शेपूट न कळण्याइतक्या आत्याबाई भोळ्या नव्हत्या.

तो गेल्यावर त्यांनी पर्समधून एक पत्र्याची डबी काढली. आत लवंगा होत्या. तापानंतर रोज सकाळी उठल्याबरोबर त्या ही डबी हुंगत होत्या. आजही हुंगली होती. वास आला होता, पण पूर्वीइतका आला होता का? हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या हिरिरीने भाच्याशी भांडल्या खऱ्या, पण आता डबी पुन्हा एकदा हुंगून पाहिली.

२

"पाणी नाही," केमिस्टबाई म्हणाल्या.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तुम्ही तेच विचारायला आला आहात." केमिस्टबाईंनी वही पुढे सरकवली. "सहा महिन्यांपूर्वी अल्कोहोलचा जोर एकसष्ट पूर्णांक चार टक्के होता. आता एकसष्ट पूर्णांक तीन. कुणी पाणी घातलं असतं तर आकडा धाडकन खाली आला असता. रंग घातलेला नाही, साखर घातलेली नाही. बर्बनच आहे, आणि चांगली आहे."

"चांगली आहे हे मीही म्हणते. सतरा नंबर नाही एवढंच."

"यंत्राला पिंपाचा नंबर कळत नाही, आत्याबाई."

"मग एवढं मोठं यंत्र घेतलं कशाला? माझ्या स्वयंपाकघराएवढी जागा खातंय."

केमिस्टबाईंनी चष्मा काढून पुसला. "एक सांगू? मला तुमची खुर्ची नकोय. मला बारा महिने सर्दी असते. लेबलावर सही करून मी काय दिवे लावणार? पण मालकांनी सांगितलं तर नाही कशी म्हणू?"

आत्याबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. तोही धड येईना, म्हणून त्या जास्तच वैतागल्या.

"पिंपच बदललं असेल तर?" केमिस्टबाई म्हणाल्या. "नंबर तोच, पिंप दुसरं. रिकामं पिंप अजून अंगणात पडलंय. सुताराला विचारा."

आत्याबाई गुडघ्याला हात लावत उठल्या. अकरा वाजले होते.

३

पिंपं बांधणारा सुतार अंगणात पिंपावर बसून भाकरीएवढ्या जाड आवाजात कुणाला तरी शिव्या देत होता. जवळ गेल्यावर कळलं की त्या पिंपालाच देत होता.

"हेच सतरा नंबर?" आत्याबाईंनी विचारलं.

"हेच ते कर्मदरिद्री!"

"बदललेलं तर नाही ना? झाकण काढून दुसऱ्या पिंपाला बसवलं, असं काही?"

सुतार दुखावला. "आत्याबाई, झाकण काढायचं म्हणजे पट्ट्या सैल कराव्या लागतात. हा गंज बघा. नऊ वर्षांत एक पट्टी इंचभर हललेली नाही. आणि हे तुमचं अक्षर."

झाकणावर खडूने लिहिलं होतं, 'सतरा. याला नीट सांभाळा.' खाली त्यांची सही. अक्षर त्यांचंच. त्या दिवशी आनंदाच्या भरात लिहिलं होतं, म्हणून जरा वाकडं आलं होतं.

"मग शिव्या कशाला देताय त्याला?"

"कशाला म्हणजे? चार दिवस उन्हात ठेवलंय, बूच वर करून. एरवी वरच्या फळ्या खडखडीत कोरड्या असतात, खालच्या तेवढ्या वाळवायच्या. हे पिंप बुचापर्यंत ओलं! वाळतच नाही. मला संध्याकाळपर्यंत ते विकायला काढायचंय, आणि हे बसलंय घाम गाळत. माझ्या नशिबी सगळे हट्टीच येतात, घरी बायको आणि इथे हे."

"तुमच्या बायकोचं मी काय करू?" आत्याबाई म्हणाल्या आणि वळल्या.

पाणी घातलेलं नाही. पिंप बदललेलं नाही. दोन दारं बंद झाली होती, आणि तिसऱ्या दाराआड त्यांचं स्वतःचं नाक होतं. लवंगेच्या डबीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. गोदामाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असतात, आधी त्याला बघू म्हणाल्या.

४

गोदामवाल्याला सगळे द्राक्षबुवा म्हणत. बावीस वर्षं त्याने एका तळघरात द्राक्षाच्या वाइनची पिंपं सांभाळली होती. ते तळघर बंद पडलं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर तो या कारखान्यात आला. त्याला सात महिने झाले होते. माणूस इतका नीटनेटका की गोदामातल्या कोळ्यांनी स्थलांतर केलं होतं. पिंपांमधली वाट झाडलेली, किल्ल्या क्रमाने लावलेल्या, भिंतीवर खिळ्याला लांब तोटीची पत्र्याची झारी, तीसुद्धा घासून लख्ख.

"सतरा नंबर कुणी हाताळलं?" आत्याबाईंनी सरळ विचारलं.

द्राक्षबुवा गडबडला. "मीच. दुसरं कुणी नाही. तुम्ही झाकणावर लिहिलंत ना, नीट सांभाळा म्हणून? तेव्हापासून त्याच्यावरची नजर हलवली नाही. दर शनिवारी बूच काढून बघायचो."

"काय बघायचात?"

"तब्येत."

"पिंपाची?"

"हो. पण नंतर ते गप्प गप्प झालं."

"गप्प झालं म्हणजे?"

द्राक्षबुवाने खाली बघितलं. झाडलेल्या जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं तरी बघत राहिला. "काही नाही, आत्याबाई. मला काय कळतंय यातलं."

तेवढ्यात भाचा दारात उभा राहिला. "अजून चाललंय का तुझं? आत्या, साडेबारा वाजले! आणि याला काय विचारतेस? चोराच्या मनात चांदणं. दर शनिवारी बूच काढतो म्हणे! प्यायला असणार, दुसरं काय?"

"मी पीत नाही, मालक," द्राक्षबुवा म्हणाला. "आजवर थेंब घेतलेला नाही. फक्त वास घेतो."

"सगळे असंच म्हणतात. आत्या, एक तर याने पिऊन काहीतरी भलतंच ओतलंय, म्हणजे याला आज घरी बसवतो. नाहीतर तुझं नाक गेलंय. तिसरं काही असेल तर सांग."

आत्याबाईंनी द्राक्षबुवाकडे पाहिलं. तो क्रमाने लावलेल्या किल्ल्या पुन्हा क्रमाने लावत होता. मग झारीकडे पाहिलं. कुंड्यांना पाणी घालायची झारी. पण गोदामात कुंडी एकही नव्हती.

तिसरं काही त्यांच्याकडे नव्हतं. "चारला अजून वेळ आहे," एवढंच म्हणाल्या आणि तडक बाहेर पडल्या.

५

रागात चालणाऱ्या माणसाने समोर बघावं. आत्याबाईंनी बघितलं नाही, आणि ऑफिसच्या जिन्यात त्यांचा दुखरा गुडघा एका खोक्यावर आपटला.

"अगं आई गं! कुठल्या गाढवाने खोकी जिन्यात ठेवली?"

"मी ठेवली," वरून आवाज आला. लेबलं लावणाऱ्या वहिनी कठड्यावरून वाकून बघत होत्या. "मग कुठे ठेवू, डोक्यावर? खोली भरली, पॅसेज भरला. या सतरा नंबरने उच्छाद मांडलाय. लेबलंसुद्धा पुरली नाहीत! दर वेळी वरच्या मजल्यावरच्या पिंपाला एकशेसाठ छापते, चार-दोन उरतात. या वेळी परत छापून आणावी लागली. प्रत्येकीवर हाताने नंबर घालायचा, बघा माझा अंगठा. दोनशे छप्पन्न बाटल्या!"

मागून आलेला भाचा खुशीत म्हणाला, "बरकत, वहिनी, बरकत! सतरा नंबर उगाच नाही निवडलं आत्याने."

आत्याबाई गुडघा धरून पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी गुडघा सोडला.

"किती म्हणालात?"

"दोनशे छप्पन्न."

आत्याबाई डोळे मिटून पुटपुटत आकडे मोजू लागल्या. वहिनींना वाटलं, जबर लागलं बहुतेक. त्या पाणी आणायला निघाल्या.

"पाणी नको," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत झाला होता की भाच्याला धडकी भरली. "सुताराला बोलवा. केमिस्टबाईंना बोलवा. सगळे गोदामात तिसऱ्या मजल्यावर या. आणि तू, बरकतवाल्या, मला हात दे. हा गुडघा एकटा चढायचा नाही."

६

तिसऱ्या मजल्यावर पत्रा तापला होता. सतरा नंबरची जागा रिकामी होती. शेजारी अठरा नंबर आडवं पडलं होतं. आत्याबाईंनी वाकून बोटाच्या पेराने त्याच्या मध्यावर टकटक केली. पोकळ आवाज आला. त्या खाली खाली ठोकत गेल्या. पार बुडाजवळ कुठे तो आवाज बसका झाला.

"जवळजवळ रिकामं!" सुतार ओरडला. "गळलंय!"

"गळलेलं नाही. खालची जमीन बघा, द्राक्षबुवांनी झाडलेली आहे, डाग दिसला असता." आत्याबाई सरळ झाल्या. "भाच्या, नऊ वर्षं या पत्र्याखाली राहिलेल्या पिंपात किती उरतं?"

"असं कसं सांगता येईल..."

"तुला नाही येणार. सुतार, तुम्ही सांगा."

"दोन तृतीयांश, आत्याबाई. कधी त्याहूनही कमी. बाकीचं हवा पिते."

"म्हणजे एकशेसाठ बाटल्या. वहिनी तेवढीच लेबलं छापतात. मग दोनशे छप्पन्न आल्या कुठून? पिंप जन्मल्या दिवशी होतं तेवढं भरलेलं कसं निघालं? तुम्ही सकाळपासून मला सांगत होतात, बुचापर्यंत ओलं आहे म्हणून. मी ऐकलं नाही, तुमच्या बायकोवर घसरले. केमिस्टबाई, जोर का उतरला नाही?"

"शेजारच्याच पिंपातलं घातलं असेल तर..." केमिस्टबाई हळूच म्हणाल्या. "तोच माल, तोच मजला, तेवढाच जोर. यंत्राला कळणारच नाही."

"नाकाला कळलं." आत्याबाईंनी हे जरा मोठ्यानेच म्हटलं. मग त्या द्राक्षबुवाकडे वळल्या. "किती झाऱ्या?"

द्राक्षबुवा भिंतीला टेकला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्या शनिवारी चौदा. मग दर शनिवारी पाव, अर्धी. आत्याबाई, मी बूच काढलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. वरचा एवढा भाग रिकामा! म्हटलं, नऊ वर्षांत याला कुणी भरलंच नाही? द्राक्षाच्या पिंपात चार बोटं हवा शिरली तरी वाइन आंबते. बावीस वर्षं मी दर शनिवारी झारी घेऊन फिरलो, एक पिंप कधी उणं राहू दिलं नाही. तुम्ही लिहिलंत नीट सांभाळा, आणि मला सांभाळणं म्हणजे तेवढंच येतं."

सुताराने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, पण ही रिकामी जागाच तर नऊ वर्षांची कमाई!" भाचा उसळला. "दोन पिंपांचं वाटोळं केलंस! आजच्या आज चालता हो."

"तू गप्प बैस," आत्याबाई म्हणाल्या. "रिकाम्या जागेची कमाई तुला आत्ता कळली. मघाशी तिच्या भरण्याला बरकत म्हणत होतास. द्राक्षबुवा, गप्प झालं म्हणालात, ते काय?"

"पहिल्यांदा बूच काढलं तेव्हा शेवटी एक वास आला होता. कडवट. ओल्या अक्रोडाची साल सोलताना येतो तसा. भरल्यावर तो गेला. मला वाटलं, मुरेल आणि परत बोलेल. प्रत्येक शनिवारी वाट बघायचो. मग भीती वाटायला लागली. विचारणार कुणाला? मी इथे नवा, आणि तुम्ही आजारी."

आत्याबाईंनी हात मागे नेऊन आधार शोधला. तिथे अठरा नंबर होतं, त्यावरच बसल्या. अक्रोडाची साल! हा शब्द त्यांनी सहा महिने कुणापुढे काढला नव्हता. आज सकाळी त्यांना वाटत होतं की तो वास आपण मनाने रचला असेल, तापाने डोकं फिरलं असेल. आणि हा न पिणारा माणूस तोच वास दर शनिवारी शोधत बसला होता.

"भाच्या," त्या म्हणाल्या, "खरं सांग. सकाळच्या ग्लासात तुला काही उणं वाटलं होतं?"

भाच्याने इकडे तिकडे पाहिलं. मग खांदे पाडले. "आत्या, मला सगळ्या सारख्याच लागतात. तू मान हलवलीस की मी हलवतो."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

आत्याबाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्या हसल्याच, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

७

चार वाजता तिघे परीक्षक आले. बाटली टेबलावर होती, पण छापील ओळींवर पेनाने काट मारली होती आणि खाली हाताने लिहिलं होतं, 'एका पिंपातली नाही. दोन पिंपांची. चूक: आत्याबाई आणि गोदामवाले.' खाली दोन सह्या. भाचा कोपऱ्यात लिंबू खाल्ल्यासारखा चेहरा करून उभा होता.

सर्वांत वयस्कर परीक्षकाने ग्लास हुंगला, घोट घेतला, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण शेवटी काहीतरी होतं आणि निघून गेलं, असं वाटतं."

आत्याबाईंनी भाच्याकडे बघितलं. भाच्याने सवयीने मान हलवली.

पदक मिळालं नाही. मिळणारच नव्हतं. परीक्षक गेल्यावर आत्याबाई गोदामात आल्या. द्राक्षबुवा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून, पिशवी भरून तयार बसला होता. झारी खिळ्यावरून काढून पिशवीत घातली होती.

"हे काय?"

"मालक म्हणाले..."

"मालक जे काही म्हणतो ते मी म्हटल्यावर म्हणतो. किल्ल्या उचला. झारी मात्र घरी न्या आणि तिथेच ठेवा. घरी कुंड्या आहेत ना?"

"दोन आहेत."

"मग झालं." त्यांनी पर्समधून पत्र्याची डबी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. द्राक्षबुवाने ती उघडून पाहिली.

"लवंगा?"

"रोज सकाळी उठल्याबरोबर आधी हे हुंगायचं. मग आठ वाजता माझ्या टेबलाशी यायचं, मी दोन ग्लास ठेवीन. एखाद्या दिवशी वास आला नाही तर घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही. मला येऊन सांगायचं."

"आणि तुम्हाला नाही आला तर?"

आत्याबाई दारापर्यंत गेल्या होत्या. गुडघा ठणकत होता, त्या चौकटीला धरून थांबल्या.

"तर मी तुम्हाला सांगीन," त्या म्हणाल्या.